उत्पन्नाचा दाखला न मागणारा आरोग्यमंत्री

(डब्लिन येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

आयर्लंडमधल्या मराठी माणसांच्या मेळाव्यात डॉक्टर आणि राजकारण हे दोन शब्द एका वाक्यात आले की सगळ्यांच्या मनात एकच नाव येते. ज्यांच्या वडिलांचे मूळ मालवण तालुक्यातील वराड गावात आहे, ते डॉ. लिओ वराडकर या देशाचे आरोग्यमंत्री झाले, समाजकल्याणाचे खाते त्यांनी सांभाळले आणि पुढे ते पंतप्रधानही झाले. त्यांच्याविषयीचा आपला अभिमान रास्तच आहे. मात्र आज मला त्यांच्या आधी सुमारे सात दशके याच आरोग्यखात्यात बसलेल्या एका डॉक्टरविषयी बोलायचे आहे. आपल्या घरांत त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते. तरीही इथे ज्यांच्या घरी पाळणा हलला आहे, त्या प्रत्येकाने त्यांच्या लढ्याचे थोडेफार फळ चाखलेले आहे. त्यांचे नाव डॉ. नोएल ब्राऊन.

ब्राऊन यांचा जन्म १९१५ च्या डिसेंबरात वॉटरफर्ड येथे झाला. वडील मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेत निरीक्षक होते आणि त्यांना क्षय झाला. ते गेले तेव्हा नोएल अकरा-बारा वर्षांचे होते. मागे राहिलेल्या आईलाही क्षयाने गाठले होते. आपले दिवस भरत आले आहेत हे ओळखून त्या बाईने घरातले सामानसुमान विकले, मुलांना घेऊन लंडनची वाट धरली, आणि तिथे पोहोचल्यावर थोड्याच काळात तीही गेली. भावंडांपैकीही काहींना याच रोगाने नेले. नोएल शिकले ते दुसऱ्यांच्या आधारावर. एका सधन कुटुंबाने त्यांना आपलेसे केले आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील वैद्यकीय शिक्षणाचा खर्चही उचलला. विद्यार्थी असतानाच त्यांना स्वतःला क्षय झाला. त्यांच्यावर इंग्लंडमधील एका चांगल्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, उपचार झाले आणि ते वाचले. आईवडिलांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळाले, आणि त्याचे कारण फक्त पैसा होता, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. माझ्या मते त्यांचे पुढचे सारे राजकारण, त्यातले गुण आणि दोष दोन्ही, या एका जाणिवेतून निघाले आहे.

क्षयाने घर कसे खचते, हे आपल्यालाही सांगावे लागू नये. मी परिचारिका आहे आणि छातीच्या विकारांच्या विभागात काम करते. पण या रोगाची माझी पहिली ओळख रुग्णालयात झाली नाही. आजीचा धाकटा भाऊ मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये बरेच महिने राहून परत आला होता, आणि तो बरा होऊन कित्येक वर्षे लोटली तरी आजीच्या माजघरात त्याचे पितळी फुलपात्र वेगळ्या कोनाड्यात, पालथे घातलेले असायचे. दुसऱ्या कुणी ते उचलले तर आजी काही बोलत नसे, फक्त हातातून काढून घेई. घरात लग्नाची मुलगी असली की आजाराचे नावही बाहेर काढायचे नाही, ही आपल्याकडची रीत. आयर्लंडच्या गावांतही अगदी हेच चालत असे. तिथलेही लोक रोग लपवत, उशिरा डॉक्टरकडे जात, आणि तोवर घरातल्या लहानग्यांनाही लागण झालेली असे. १९४० च्या दशकात जेमतेम तीस लाख वस्तीच्या या देशात क्षयाने वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसे मरत होती आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. सॅनेटोरियमच्या खाटेसाठी नाव नोंदवून लोक घरीच वाट पाहत राहत.

विकलो परगण्यातील न्यूकॅसल सॅनेटोरियममध्ये डॉक्टर म्हणून काम करताना ब्राऊन यांनी ही वाट पाहणारी माणसे रोज पाहिली आणि हा प्रश्न दवाखान्यात बसून सुटणार नाही अशी त्यांची खात्री झाली. शॉन मॅकब्राइड यांच्या क्लान ना पोब्लाख्ता या नव्या पक्षातर्फे ते निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले, आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये संसदेत ज्या दिवशी पहिले पाऊल टाकले त्याच दिवशी ते आरोग्यमंत्री झाले. वय होते बत्तीस.

पुढची तीन वर्षे त्यांनी ज्या झपाट्याने काम केले, त्याला आयर्लंडच्या इतिहासात फारशी जोड नाही. त्या काळी घोड्यांच्या शर्यतींवर आधारलेली एक मोठी सोडत इथे निघत असे, तिची तिकिटे देशोदेशी खपत, आणि त्यातला वाटा रुग्णालयांच्या निधीत जमा होई. हा निधी गुंतवून ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून जपून खर्च करायचा, अशी रीत होती. ब्राऊन यांनी ही रीत मोडली. माणसे आज मरत असताना मुद्दल कशासाठी राखायचे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी मुद्दलालाच हात घातला आणि सॅनेटोरियमे व रुग्णालये बांधायला घेतली. सुमारे दोन हजार नव्या खाटा दोन-अडीच वर्षांत उभ्या राहिल्या. क्ष-किरण तपासणी सामान्य लोकांपर्यंत नेली गेली, क्षयाविरुद्धची बीसीजी लस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, राष्ट्रीय रक्तपेढीची घडी बसली. रोग लपवू नका, तो बरा होतो, हे आकाशवाणीवरून, वर्तमानपत्रांतून लोकांना पुन्हा पुन्हा सांगितले गेले. माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते, क्षयाच्या कामात हे सांगणे औषधाइतकेच महत्त्वाचे असते.

इथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. आयर्लंडमधला क्षय एकट्या ब्राऊन यांनी हटवला असे पुष्कळदा बोलले जाते, ते बरोबर नाही. डब्लिनच्या सेंट अल्टन्स रुग्णालयात डॉ. डोरोथी स्टॉपफर्ड प्राइस १९३७ पासून बीसीजीवर काम करत होत्या. खात्याचे प्रमुख वैद्यकीय सल्लागार डॉ. जेम्स डीनी यांनी योजनांचे आराखडे आधीच्या सरकारच्या काळातच तयार करून ठेवले होते, आणि ब्राऊन यांच्याशी पुढे त्यांचे पटले नाही. शिवाय स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध नेमके याच सुमारास हाती आले. ब्राऊन यांचे श्रेय वेगळे आहे. कपाटातले आराखडे त्यांनी बाहेर काढले, त्यांना पैसा मिळवून दिला आणि अंमलबजावणीत एक दिवसही वाया जाऊ दिला नाही. आराखडा असणे आणि खाट असणे यांत किती अंतर असते, हे सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलेल्या आपल्याकडच्या नातेवाइकांना विचारावे.

आता मी ज्या विषयासाठी उभी आहे त्याकडे येते. क्षयाचे काम मार्गी लागल्यावर ब्राऊन यांनी माता आणि बालकांसाठीची योजना हाती घेतली. त्या काळी या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पन्नासच्या आसपास बाळे पहिला वाढदिवस पाहत नसत. योजना साधी होती: गरोदर स्त्रीला बाळंतपणात आणि त्याच्या आधी व नंतर, तसेच सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, सरकारी खर्चाने वैद्यकीय सेवा मिळावी. आणि कुणालाही उत्पन्नाचा दाखला विचारला जाऊ नये.

या शेवटच्या वाक्यावर सगळे बिनसले. उत्पन्नाचा दाखला म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे, तहसील कार्यालयाच्या खिडकीसमोरची रांग, पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेतला फरक, आणि रकान्यात शंभर रुपये जास्त भरल्याने हातची गेलेली सवलत, हे आपण पाहिलेले आहे. आपण गरीब आहोत हे शिक्क्यानिशी सिद्ध करायला लागणे म्हणजे काय असते, ते ब्राऊन यांना घरातून ठाऊक होते. आजारी मुलाला कडेवर घेऊन आलेल्या आईला आधी तिची मिळकत विचारायची आणि मग मुलाच्या छातीला नळी लावायची, हा क्रम त्यांना अमानुष वाटत असे.

डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. खाजगी रुग्णांपासून मिळणारे उत्पन्न बुडेल आणि आपण सरकारचे नोकर होऊ, ही त्यांची भीती होती. त्याहून मोठा विरोध कॅथलिक बिशपांचा होता. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांना पत्र लिहून कळवले की मुलांच्या आरोग्याची काळजी वाहण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, शासनाचा नव्हे; आणि गरजू दहा टक्क्यांना दाखल्याच्या अपमानातून सोडवण्याच्या निमित्ताने साऱ्या समाजावर सरकारी वैद्यकीय सेवा लादणे योग्य नाही. मातांना आरोग्यशिक्षण देण्याच्या नावाखाली संततिनियमनाचे विचार शिरतील, ही शंकाही त्यामागे होती. डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांचा या विरोधात पुढाकार होता. स्वतः कॅथलिक असलेले ब्राऊन त्यांना जाऊन भेटले आणि बिशपांचे समाधान झाले अशी समजूत करून घेऊन परतले. प्रत्यक्षात तसे काही झालेले नव्हते.

इथे ब्राऊन चुकले असे मला वाटते. सहकारी मंत्र्यांना विश्वासात घेणे, डॉक्टरांपैकी जे अनुकूल होते त्यांना जवळ करणे, एखादी पायरी थांबून मग पुढे जाणे, यातले काहीच त्यांना जमले नाही. वाट पाहण्यात माणसे मरतात हे ज्याने लहानपणी घरातच पाहिले, त्याच्याकडून धीराची अपेक्षा करणे कठीण आहे, हे मला समजते. पण मंत्रिमंडळात ते एकटे पडले आणि त्याची किंमत त्या आयांनी मोजली. अखेर त्यांच्याच पक्षाचे नेते मॅकब्राइड यांनी त्यांचा राजीनामा मागितला. ११ एप्रिल १९५१ रोजी ब्राऊन यांनी मंत्रिपद सोडले आणि सरकार, बिशप व आपण यांच्यात झालेला सारा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांच्या हवाली केला. पंतप्रधानांनी संसदेत सांगितले की कॅथलिक म्हणून आपण धर्माधिकाऱ्यांची आज्ञा मानतो, आणि हे सारे लोकांना कळू न देता शांतपणे मिटवता आले असते. ब्राऊन यांना नेमके तेच नको होते. आपल्या मुलांच्या औषधपाण्याचा निर्णय कोणत्या दालनात, कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे आयर्लंडच्या सामान्य माणसाने त्या आठवड्यात पहिल्यांदा छापील अक्षरात वाचले.

थोड्याच दिवसांत निवडणूक झाली, सरकार गेले, आणि ब्राऊन मात्र अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. पुढची तीस वर्षे ते कधी संसदेत तर कधी बाहेर राहिले, त्यांनी अनेक पक्ष बदलले, मनोविकारतज्ज्ञ म्हणून रुग्णसेवा केली. मंत्रिपद त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९९७ साली ते वारले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी जुन्या सहकाऱ्यांविषयी फार कठोर लिहिले आहे, आणि त्यातले काही अन्यायकारक आहे असे मानणारे पुष्कळ आहेत.

योजना मात्र पूर्ण मेली नाही. नव्या सरकारने १९५३ च्या कायद्यात तिचा संकोच केलेला अवतार आणला, आणि होता होता आज परिस्थिती अशी आहे की इथे राहणाऱ्या कोणत्याही गरोदर स्त्रीची तपासणी, बाळंतपण आणि बाळाची सहा आठवड्यांपर्यंतची तपासणी तिचे उत्पन्न न विचारता होते. माझी मुलगी झाली तेव्हा घरी आल्यावर दोन दिवसांत आरोग्य परिचारिका दारात उभी राहिली. बाहेर पाऊस होता. तिने ओला कोट बाहेरच्या खुंटीला लावला, हात धुतले, पिशवीतून घडीचा वजनकाटा काढला, थंड लागू नये म्हणून त्यावर स्वतः आणलेले कापड पसरले आणि मग बाळाला उचलले. माझे टाके पाहिले, दूध येते का, झोप होते का, रडू येते का, असे विचारले. आई मदतीला भारतातून आली होती. ती बाजूला उभी राहून सगळे पाहत होती. ती बाई गेल्यावर आईने मला हळूच विचारले, "हिला किती द्यायचे असतात?" काही द्यायचे नसते, हे तिला दोनदा सांगावे लागले.

२०१५ च्या जुलैत, वराडकर आरोग्यमंत्री असताना, सहा वर्षांखालील सर्व मुलांना फॅमिली डॉक्टरची सेवा मोफत झाली. २०२३ मध्ये ही मर्यादा आठ वर्षांपर्यंत वाढली. त्यापुढच्या मुलांसाठी आजही उत्पन्नाचे रकाने भरावे लागतात आणि ज्यांची मिळकत मर्यादेच्या थोडी वर आहे, त्यांना प्रत्येक भेटीचे पैसे मोजावे लागतात. आपल्यापैकी जे नुकतेच आले आहेत, ज्यांच्या घरात एकाच पगारावर सारे चालते, त्यांना ताप आलेल्या मुलाला आज दाखवावे की उद्यापर्यंत थांबावे, हा हिशेब रात्री करावा लागतो. कामाच्या ठिकाणी आणि या मंडळातही मी तो ऐकला आहे. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की निवडणुकीच्या वेळी मत मागायला उमेदवार दारावर येतात, तेव्हा त्यांना हा प्रश्न जरूर विचारा. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला इथले नागरिकत्व लागत नाही, इथे राहणे पुरते. मतदारयादीत नाव नसेल तर मंडळाच्या टेबलावर त्याची माहिती ठेवलेली आहे.

माझी मुलगी गेल्या वर्षी आठ वर्षांची झाली. केक कापून झाल्यावर तिचे मोफत डॉक्टरसेवेचे कार्ड मी पाकिटातून काढून खणात ठेवले, कारण त्या दिवसापासून ते चालणार नव्हते. ब्राऊन यांच्या १९५१ च्या योजनेप्रमाणे ते तिच्याकडे आणखी आठ वर्षे राहिले असते.