कंपाऊंडची सफाई, पंप रूममागची स्कूटर

नमस्कार मंडळी! पाऊस संपत आला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, या रविवारी कंपाऊंड साफ करूया, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. अंगठा देणारे किती आणि खाली उतरणारे किती ते तुम्हाला माहीत आहेच, मी काय सांगू.

आज वेळेचं बोलू. हवामान खात्याप्रमाणे मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. गणपती गेले, दोन दिवस ऊन पडलं म्हणून लगेच गवत काढायला घेतलंत तर दसऱ्याला ते परत गुडघ्यापर्यंत. म्हणून रविवार धरायचा तो 8 ऑक्टोबरनंतरचा. परत सांगतो, 8 ऑक्टोबरनंतरचा, आणि सकाळी सातला सुरू करून दहाला आवरायचं, ऑक्टोबर हीटमध्ये त्यापुढे कोणी उभंसुद्धा राहत नाही.

आणि हो, फॉरेनचे व्हिडिओ बघून पानं गोळा करायची दंताळी विकत आणू नका. आपल्याकडे खरी पानगळ थंडी सरताना, माघ-फाल्गुनात. आत्ता काढायचंय ते पावसाने वाढवलेलं, गवत, टाकळा, भिंतीतून डोकावणारं पिंपळाचं रोप आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं शेवाळ. हे पेव्हर ब्लॉक कोणी आणले देव जाणे, साधी फरशी काय वाईट होती! असो.

तर आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला किस्सा. पंप रूमच्या मागे एक जुनी स्कूटर, तिच्यावर गारवेल अशी चढलेली की फक्त एक आरसा बाहेर. सफाईच्या दिवशी मजुरांनी वेल ओढली तर खाली फाटलेली सीट, सीटच्या स्पंजमध्ये हातभर पिंपळ, आणि मागच्या स्टेपनीच्या टायरमध्ये पाणी, त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. सेक्रेटरी म्हणाले, द्या भंगारात. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले, "हात लावायचा नाही!" आम्ही विचारलं, काका, तुमची आहे का? तर म्हणाले, "माझी नाही, पण कोणाची तरी असेलच ना!" झालं. काका खाली आले, मागोमाग अर्धी बिल्डिंग. कोणी म्हणे आधीच्या भाडेकरूची, कोणी म्हणे आरसी बुक बघा, कोणी म्हणे पोलिसांना कळवा, एक वहिनी म्हणाल्या राहू द्या, मांजर पिल्लं घालते तिथे. मजूर कट्ट्यावर चहा पीत बसलेले, मजुरी चालूच. शेवटी एकाने स्क्रू ड्रायव्हर घालून डिकी उघडली, तर आत ऑइलचा डबा आणि पुठ्ठ्याचं लेबल लावलेल्या पंप रूमच्या किल्ल्या! ज्या हरवल्या म्हणून कमिटीने कुलूप तोडून नवं बसवलं होतं त्याच. सगळे एकदम गप्प, आणि काका कमरेवर हात ठेवून, "आता कळलं ना, का फेकू नका म्हणत होतो?" स्कूटर कोणाची ते काही ठरलं नाही, ऊन डोक्यावर आलं, गवत तसंच राहिलं. टायर तेवढा काढला, स्कूटर अजून तिथेच आहे.

तर वेळ कामात जात नाही, वेळ ठरवण्यात जातो. काय फेकायचं, काय ठेवायचं हे आदल्या आठवड्यातच ठरवून खडूने फुल्या मारून ठेवा. आदल्या आठवड्यात, लक्षात ठेवा. फांद्या छाटायच्या असतील तर त्याहून आधी उठा, कारण त्याला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ऐनवेळी कोयता घेऊन झाडावर चढता येत नाही.

टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे डबे, यांना मात्र ऑक्टोबरची वाट बघायची नाही, ते दर आठवड्याला. डेंग्यूचा एडिस डास साध्या साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी काही महिने टिकतात, म्हणून ताटली घासायची. ओतायची आणि घासायची.

शेवाळाला ब्लिचिंग पावडर चालेल, पण त्यात अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. कचऱ्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, आमच्याकडे नॅशनल पार्क जवळ, धामण निघते कधीकधी, बिचारी निरुपद्रवी, मारू नका तिला. काढलेलं गवत, पाला जाळायचा नाही, बंदी आहे, कोपऱ्यात खड्डा करून खत करा.

आणि भंगारवाल्याला आत्ताच फोन करून ठेवा, दिवाळीच्या आठवड्यात तो कोणाचाच फोन उचलत नाही. नमस्कार!