वेस्टमिन्स्टरमध्ये ज्यांचा खासदार नाही

(दृश्य: ब्रिटिश संसदेतील समितीची खोली)

ब्रिटिश संसदेतील समित्यांच्या खोल्यांमध्ये नालेच्या आकाराचे मेज मांडलेले असते. खासदार त्याच्या बाहेरच्या कडेने बसतात आणि उघड्या बाजूला, सर्वांच्या नजरेसमोर, साक्षीदाराची जागा असते. परराष्ट्रमंत्री आले तरी त्यांना याच जागेवर बसून उत्तरे द्यावी लागतात. १९७९ साली हाउस ऑफ कॉमन्सने सरकारच्या प्रमुख खात्यांवर नजर ठेवण्यासाठी स्वतंत्र समित्या नेमल्या. परराष्ट्र व्यवहार समिती ही त्यांपैकीच एक. तिच्यात सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे खासदार असतात. मंत्र्याला आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. ती साक्षी घेते, कागदपत्रे मागवते आणि अहवाल छापून प्रसिद्ध करते. त्या अहवालाला सरकारने साधारण दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. हा अधिकार वरवर पाहता तुटपुंजा वाटतो. मात्र ज्यांना ब्रिटनच्या संसदेत एकही प्रतिनिधी पाठवता येत नाही, त्यांच्यासाठी अनेकदा हीच एक वाट उरते.

ब्रिटनच्या ताब्यात आजही १४ सागरपार प्रदेश आहेत. बर्म्युडा, जिब्राल्टर, फॉकलंड, केमन, सेंट हेलिना ही त्यांतली परिचित नावे. त्यांचे परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण लंडनच्या हाती असते. बहुतेक ठिकाणी लंडनने नेमलेला गव्हर्नर असतो आणि जिथे वस्ती आहे तिथे बहुतेक करून स्थानिक विधिमंडळही असते. परंतु वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, त्यांचा खासदार नसतो. फ्रान्सने वेगळा मार्ग निवडला. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरून पॅरिसच्या संसदेत ७ प्रतिनिधी निवडून जातात. ब्रिटिश प्रदेशातल्या माणसाला लंडनच्या निर्णयाचा जाब विचारायचा असेल तर दुसऱ्याच मतदारसंघातल्या एखाद्या खासदाराला ते काम आपले वाटावे लागते.

मराठी प्रेक्षकांना ही परिस्थिती अनोळखी नाही. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. हिंदी रयतेच्या पैशाचा हिशेब लंडनमध्ये होत होता आणि त्या रयतेला तिथे मत नव्हते. दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश संसदेत पोचले, तेही लंडनमधल्या मतदारांच्या मतांवर.

(दृश्य: हिंदी महासागराचा नकाशा, चागोस द्वीपसमूह)

अशी देखरेख नसली तर काय घडते, हे चागोस बेटांच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या सव्वादोन वर्षे आधी, ब्रिटनने ही बेटे त्यापासून वेगळी काढली आणि ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ नावाची नवी वसाहत निर्माण केली. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागले नाही. राजसत्तेच्या विशेषाधिकाराखाली प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजसत्तेला सल्ला देणाऱ्या मंडळाचा, आदेश निघाला आणि काम झाले. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १९६६ रोजी, त्यांतले डिएगो गार्सिया बेट लष्करी तळासाठी अमेरिकेला वापरू देण्याचा करार पत्रांच्या देवाणघेवाणीतून करण्यात आला. त्या बदल्यात अमेरिकेकडून घ्यायच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या खर्चात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली, आणि ही गोष्ट ब्रिटिश संसद व अमेरिकी काँग्रेस या दोघांपासूनही लपवून ठेवण्यात आली. ती उजेडात यायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला.

बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, नारळाच्या मळ्यांवर खोबरे काढून जगणारे लोक होते. ते कायमचे रहिवासी आहेत असे मान्य केले असते तर संयुक्त राष्ट्रांना त्यांच्याविषयी अहवाल देण्याची जबाबदारी आली असती. म्हणून त्यांना तात्पुरते कंत्राटी मजूर म्हणून दाखवायचे ठरले. अधिकाऱ्यांची त्या काळातली टिपणे पुढे न्यायालयात उघड झाली. बेटांवर समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ वस्ती उरणार नाही, अशा आशयाचे वाक्य त्यांत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलेले आहे. अशी टिपणे मंत्रालयाच्या फायलीत राहिली, कारण ती मागणारी समितीच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

ऑलिव्हिए बँकूल हे पुढे चागोसी निर्वासितांचे नेते झाले. १९६८ साली ते चार वर्षांचे होते. गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीला उपचारांसाठी चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटावरून मॉरिशसला न्यावे लागले. ती मुलगी वाचली नाही. कुटुंब परतीच्या बोटीची चौकशी करायला गेले तेव्हा बेटे विकली गेली आहेत, आता परत जाता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. १९७१ मध्ये डिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले. रहिवाशांची पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठारांत कोंडून वायूने मारण्यात आली. १९७३ पर्यंत उरलेली बेटेही ओस पडली. दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्समध्ये, बहुतेक गरिबीत, जाऊन पडली.

३ नोव्हेंबर २००० रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने ही हद्दपारी बेकायदा ठरवली आणि परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी तो निकाल मान्य केला. परंतु १० जून २००४ रोजी, देशात स्थानिक आणि युरोपीय निवडणुकांचे मतदान सुरू असताना, सरकारने पुन्हा प्रिव्ही कौन्सिलचे आदेश काढून परतीचा मार्ग बंद केला. न्यायालयात मिळालेला हक्क संसदेत एका शब्दाचीही चर्चा न होता काढून घेण्यात आला. आदेशाने राज्य करण्याची ही पद्धत वसाहतकाळाची आहे आणि लोकशाही म्हणवणाऱ्या देशाला ती शोभत नाही, असे आम्हाला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

(दृश्य: २००८ च्या अहवालाचे मुखपृष्ठ)

जुलै २००८ मध्ये परराष्ट्र व्यवहार समितीने सागरपार प्रदेशांविषयी मोठा अहवाल प्रसिद्ध केला. माइक गेप्स तेव्हा अध्यक्ष होते. चागोसवासीयांना परत जाऊ देण्याची नैतिक बाजू भक्कम आहे, असे समितीने त्यात नोंदवले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना सभागृहात एक कबुली द्यावी लागली होती. २००२ साली अमेरिकेच्या ताब्यातील कैद्यांना नेणारी दोन विमाने डिएगो गार्सियावर उतरली होती. असे काही घडलेले नाही, अशी हमी मात्र सरकारने आधी वारंवार दिली होती. अमेरिकेने दिलेली माहिती खोटी निघाल्यामुळे ब्रिटिश सरकारकडून संसदेची आणि समितीची दिशाभूल झाली, हे समितीने कठोर शब्दांत लिहिले. मंत्र्याने एकदा समितीला दिलेले उत्तर छापील स्वरूपात कायम राहते, आणि पुढे सत्य बाहेर आले की ते उत्तर दुरुस्त करण्याची जबाबदारीही त्याच मंत्र्यावर येते.

याच अहवालाचा सर्वांत थेट परिणाम कॅरिबियन समुद्राजवळच्या टर्क्स अँड केकोस बेटांवर झाला. तिथल्या सरकारी जमिनींच्या व्यवहारांबद्दल आणि भ्रष्टाचाराबद्दल रहिवाशांनी समितीकडे मोठ्या संख्येने तक्रारी पाठवल्या. त्यांतील अनेकांना आपले नाव उघड होण्याची धास्ती होती. छोट्या बेटावर तक्रार करणारा कोण हे लपत नाही. नोकरी, परवाना, जमीन हे सारे त्याच सरकारच्या हाती असते. परराष्ट्र खाते या लोकांना पुरावे आणायला सांगत होते. समितीने नेमके यावर बोट ठेवले: भीतीचे वातावरण असताना आरोप सिद्ध करण्याचा भार सामान्य माणसावर टाकणे अत्यंत गैर आहे. अहवाल आल्यानंतर काही दिवसांतच गव्हर्नरने चौकशी आयोग जाहीर केला आणि निवृत्त न्यायाधीश सर रॉबिन ऑल्ड यांनी त्याचे काम पाहिले. स्थानिक सरकारचे प्रमुख, प्रीमियर मायकेल मिसिक यांनी आरोप नाकारले, तरी मार्च २००९ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे ऑगस्टमध्ये लंडनने तिथले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ स्थगित करून गव्हर्नरच्या हाती थेट कारभार दिला. तो नोव्हेंबर २०१२ च्या निवडणुकीपर्यंत चालला.

इथे एक गोष्ट मनाला खटकते. भ्रष्टाचार थांबवण्यासाठी हजारो निरपराध मतदारांचे विधिमंडळ तीन वर्षे बंद राहिले. लंडनने आधीच कान दिला असता तर कदाचित ही वेळ आली नसती.

सेंट हेलिनाचे प्रकरण पैशाचे होते. साधारण साडेचार हजार वस्तीच्या या बेटावर ब्रिटनने सुमारे २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून विमानतळ बांधला आणि तो बांधून झाल्यावर धावपट्टीजवळच्या वाऱ्याच्या झोतांमुळे नियोजित विमाने सुरक्षित उतरू शकत नाहीत, हे कळले. संसदेच्या लोकलेखा समितीने २०१६ च्या अखेरीस या निष्काळजीपणाचा हिशेब मांडला. नियमित प्रवासी सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये, लहान विमानाने, सुरू झाली.

(दृश्य: क्रॉली शहरातील रस्ता)

दरम्यान चागोसींच्या बाजूने एक बदल घडला होता. २००२ च्या कायद्याने अनेकांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले आणि गॅटविक विमानतळाला लागून असलेल्या क्रॉली शहरात त्यांची वस्ती वाढत गेली. ते आता क्रॉलीचे मतदार होते. तिथले तेव्हाचे खासदार हेन्री स्मिथ यांनी चागोसींचा प्रश्न सभागृहात वर्षानुवर्षे लावून धरला आणि २०२२ च्या कायद्याने पुढच्या पिढ्यांनाही नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. बेटावर असताना जे मिळाले नाही ते लंडनपासून तासाभराच्या अंतरावर मतदार झाल्यावर मिळाले.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने सल्लागार मत दिले आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ देशांनी, भारतासह, ब्रिटनने ताबा सोडावा या ठरावाला पाठिंबा दिला. वाटाघाटींनंतर २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे आणि त्यापोटी दरवर्षी सरासरी १० कोटी १० लाख पौंड, असा त्याचा गाभा आहे. डिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रिया या कराराविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. आपले मत विचारलेच गेले नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या अर्जामुळे सही काही तास लांबली. दुपारी स्थगिती उठली.

करार संसदेपुढे २१ कामकाजाच्या दिवसांसाठी ठेवावा लागतो, असे २०१० चा कायदा सांगतो. त्या मुदतीत कॉमन्सने विरोध नोंदवला तर मंजुरी लांबते. पण मतदान घेण्याची सक्ती सरकारवर नाही. सभागृहाचे वेळापत्रक सरकारच्याच हाती असल्याने विरोधी पक्षांना मतदानासाठी दिवस मिळेलच असे नाही. समितीचे काम इथे महत्त्वाचे ठरते, कारण मंत्र्यांना बोलावण्यासाठी तिला सरकारची परवानगी लागत नाही.

या करारात चागोसींसाठी ४ कोटी पौंडांचा निधी ठेवला आहे आणि तो मॉरिशसने चालवायचा आहे. डिएगो गार्सिया वगळता इतर बेटांवर वस्ती करू देण्याचा अधिकारही मॉरिशसकडे देण्याचे त्यात ठरले आहे. क्रॉलीत राहणारी चागोसी आजी आपल्या खासदारामार्फत तळाच्या भाड्याविषयी प्रश्न विचारू शकेल. त्या निधीतले पैसे कोणाला मिळाले आणि पेरोस बान्योसवर घर बांधण्याची परवानगी कधी मिळणार, या प्रश्नांची उत्तरे मात्र मॉरिशसच्या राजधानीतून, पोर्ट लुईच्या संसदेतून यावी लागतील, आणि तिथे तिला मत नाही.