ग्रबच्या यादीमागची फाइल

[दृश्य: काळा पडदा, त्यावर चार नोंदींची यादी. खाली पाच सेकंदांची उलटी मोजणी.]

संगणकाचे बटण दाबल्यावर आणि लिनक्स सुरू होण्याआधी दिसणारी ही यादी ‘ग्रब’ या बूट लोडरची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची आहे. एरिक बोलेन यांनी 1995 साली ग्रबची सुरुवात केली, 1999 मध्ये तो जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात आला, आणि आज वापरात असलेल्या, नव्याने लिहिलेल्या दुसऱ्या पिढीची 2.00 ही आवृत्ती 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी सर्रास वापरला जाणारा लिलो हा बूट लोडर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमके कुठे आहे याचा नकाशा करून ठेवत असे. त्यामुळे कर्नल बदलल्यावर लिलो पुन्हा चालवायला विसरले, तर यंत्र सुरू होण्याची खात्री उरत नसे. ग्रबला फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, वाचता येते, म्हणून तो दर वेळी यादीची फाइल उघडून वाचतो.

[दृश्य: कमांड लिहायच्या टर्मिनलवर ग्रब डॉट सीएफजी ही फाइल.]

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांमध्ये ती फाइल बूट डिरेक्टरीतल्या ग्रब या डिरेक्टरीत असते आणि तिच्या पहिल्याच ओळींत, ही फाइल हाताने बदलू नका, असे बजावलेले असते. तरीही लोक तिथेच हात घालतात, कारण बदल पुढच्या बूटला दिसतो आणि काम झाल्यासारखे वाटते. पण ही फाइल लिहिलेली नाही, तयार केलेली आहे. नवे कर्नल बसले की ती पुन्हा तयार होते आणि हाताने केलेली दुरुस्ती कोणतीही सूचना न देता पुसली जाते.

टिकाऊ बदल करायचा तो तिच्या मुळाशी. ईटीसी या सेटिंग्जच्या डिरेक्टरीतल्या डिफॉल्ट डिरेक्टरीत ग्रब नावाची छोटी फाइल असते. यादी किती सेकंद थांबावी, कोणती नोंद आपोआप निवडली जावी आणि कर्नलला कोणते पर्याय द्यावेत, हे तिथे ठरते. प्रत्यक्ष नोंदी तयार करणाऱ्या स्क्रिप्ट ईटीसीमधल्याच ग्रब डॉट डी या डिरेक्टरीत क्रमांक लावून ठेवलेल्या असतात. लिनक्सच्या नोंदी 10 क्रमांकाची स्क्रिप्ट बनवते, 30 क्रमांकाची इतर ऑपरेटिंग सिस्टिम शोधते, आणि स्वतःची नोंद 40 क्रमांकाच्या कस्टम या फाइलमध्ये लिहायची असते. हे सारे झाल्यावर प्रशासकाचे अधिकार देणारे सुडो लावून अपडेट-ग्रब ही कमांड दिली की यादी नव्याने तयार होते.

2021 च्या 2.06 आवृत्तीपासून इतर सिस्टिमचा शोध मुळातच बंद ठेवलेला आहे, त्यामुळे एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांच्या यादीतून विंडोज अचानक नाहीसे झाले. ते परत आणण्यासाठी ‘शोध बंद ठेवा’ अशा अर्थाच्या ओळीपुढे ‘नाही’ असे लिहावे लागते. असा दुहेरी नकार कोणाला सुचला असेल, कोण जाणे.

[दृश्य: यादीतील एका नोंदीवर ई हे अक्षर दाबले जाते.]

पडदाच काळा राहत असेल, तर टर्मिनलपर्यंत पोहोचताच येत नाही. अशा वेळी यादीतील नोंदीवर ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा, ग्राफिक्सची मांडणी कर्नलने लावू नये असे सांगणारा शब्द जोडतात आणि कंट्रोल-एक्स दाबतात. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो.

फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराने 2019 मधील 30 व्या आवृत्तीपासून वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक नोंदीची स्वतंत्र लहान फाइल असते आणि ग्रबी या कमांडने कर्नलचे पर्याय जोडता किंवा काढता येतात.

[दृश्य: सर्व्हर खोली. एका रॅकवर लुकलुकणारा हिरवा दिवा.]

आपोआप निवडली जाणारी नोंद क्रमांकाने सांगता येते, आणि मोजणी शून्यापासून होते. मात्र नवे कर्नल आले की क्रमांक सरकतात, म्हणून नोंदीचे नाव किंवा ओळखचिन्ह लिहिणे अधिक सुरक्षित. दूरच्या सर्व्हरवर नवे कर्नल तपासायचे असेल, तर आपोआप निवडीच्या ओळीत सेव्हड असे लिहून यादी नव्याने तयार करतात, जुने कर्नल ग्रब-सेट-डिफॉल्टने कायम ठेवतात आणि नवे ग्रब-रीबूटने एकाच वेळेसाठी निवडतात. ही निवड नेमक्या 1024 बाइटच्या एका फाइलमध्ये राहते, कारण ग्रब फाइल वाढवू शकत नाही, आहे त्याच जागेवर लिहितो. एलव्हीएम किंवा रेड या डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतींवर त्याला लिहिता येत नाही, त्यामुळे तिथे या सोयीवर विसंबून राहू नये. साध्या डिस्कवर मात्र कर्नल चालू करण्याआधीच ग्रब ती एकवेळची निवड पुसून टाकतो. नव्या कर्नलच्या पर्यायांत पॅनिक, बरोबरचे चिन्ह आणि 10 असे जोडलेले असेल, तर ते कोसळल्यावर दहा सेकंदांनी यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होते आणि या वेळी जुन्या कर्नलवर उभे राहते.