समेट झाला, पण कोर्टाला कळवलात का?

मंडळी, करवीर तालुक्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. चुलतभावाने त्यांच्यावर पैशाचा हुकूमनामा, म्हणजे दाव्यात कोर्टाने दिलेला निर्णय, मिळवला होता. चार जाणती माणसं बसली, रक्कम ठरली, यांनी म्हैस विकून पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. वहीचा फाडलेला कागद, खाली दोन साक्षीदार. ती पावती त्यांनी घडी घालून देवघरात ठेवली. पुढे चुलतभावाने त्याच हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावली. यांना वाटलं, पावती दाखवली की झालं.

झालं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 21, नियम 2 बघा. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले, तर त्याची नोंद कोर्टात झाली पाहिजे. घेणाऱ्याने कळवलं नाही, तर देणाऱ्याने अर्ज करायचा; मुदत फक्त 30 दिवस. नोंद नसलेला भरणा दरखास्तीचं कोर्ट विचारात घेत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचा असा घात होताना बघून मला आजही वाईट वाटतं.

म्हणजे बाहेरच्या समेटाला किंमतच नाही का? आहे. तो 1872 च्या करार कायद्याखालचा करार आहे. पण समोरचा फिरला, तर त्या कागदावर थेट दरखास्त लागत नाही, नवा दावा लावावा लागतो. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारला म्हणून कराराचा हुकूमनामा होत नाही.

दावा चालू असेल, तर तडजोड पुरसीस, म्हणजे समेटाचं लेखी निवेदन, कोर्टात द्या. आदेश 23, नियम 3 प्रमाणे ती लेखी हवी, पक्षकारांच्या सह्यांची हवी. ही अट 1976 च्या दुरुस्तीने आली. तोंडी "मिटलं साहेब" चालत नाही. समेट कायदेशीर आहे अशी न्यायाधीशांची खात्री पटली, की त्याप्रमाणे हुकूमनामा होतो. लोकअदालतीत मिटवलं तर निवाड्याला हुकूमनाम्याचंच बळ मिळतं आणि कोर्ट फीही परत मिळते.

जमिनीच्या वाटपात मात्र बहिणींना विसरू नका. भावाभावांनी सह्या केल्या, बहीण पक्षकार नाही, तर तो समेट तिच्यावर बंधनकारक नाही. तिला हक्क सोडायचाच असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. वाटणीत अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्या मुलाचा, हिस्सा असेल, तर कोर्टाची परवानगी आधी. आणि दाव्यात नसलेली जमीन पुरसिशीत घातलीत, तर त्या हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. आपण त्यासाठी वर्षानुवर्षं लढलो. पण "सही करू, नाही पटलं तर वर जाऊ" असं कुणी मनात धरू नका. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 खाली अपील नाही. फसवून सही घेतली असेल, तरी त्यासाठी नवा दावा चालत नाही, हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाकडेच जावं लागतं.

त्या गृहस्थांनी पुन्हा हप्ते बांधून घेतले. या वेळी प्रत्येक हप्ता कोर्टात भरला.