मीठ, मोरचूद आणि पारा

नमस्कार मंडळी. आज चांदीबद्दल बोलूया, सोनाराकडे पोचायच्या आधीची, दगडात अडकलेली चांदी. 1859 मध्ये अमेरिकेत नेव्हाडाला कॉमस्टॉकचा साठा सापडला, चांदी भरपूर, पण काढायची कशी? बरेचसे लोक कॅलिफोर्नियाहून आलेले, त्यांचा हात सोन्यावर बसलेला. मेक्सिकोची जुनी पद्धत होती, 1550च्या दशकात पाचुकाला बार्तोलोमे दे मेदिनाने बसवलेली, पण त्यात दगडाचा लगदा अंगणात पसरून खेचरांकडून तुडवून घ्यायचा आणि आठवडेच्या आठवडे थांबायचं. एवढा धीर कोणाला!

आता माझा आवडता किस्सा. आल्मारिन पॉल नावाच्या मिलवाल्याने 1860 मध्ये खाणमालकांशी करारच केला, 60 दिवसांत दगड कांडून चांदी काढणारी मिल चालू करून दाखवतो, आणि ऑगस्टमध्ये करून दाखवली. यंत्रं सिएरा पर्वत ओलांडून आणायची, रस्ते कसले, तरी केली! मग काय, जिकडेतिकडे मिल उभ्या राहिल्या आणि जो तो आपलं गुपित औषध घेऊन आला. कोणी कढईत तंबाखूचा अर्क ओततोय, कोणी देवदाराच्या सालीचा काढा, आणि कोणी तर चक्क सेजब्रशचा, म्हणजे तिथल्या माळावर उगवणाऱ्या उग्र वासाच्या झुडपाचा चहा करून ओततोय, चांदी निघावी म्हणून! मला हे फार म्हणजे फार आवडतं. पण टिकलं काय? मीठ, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि पारा.

लोखंडी मुसळांनी दगड कांडायचा, भुकटीचा लगदा वाफेवर तापवलेल्या लोखंडी कढईत घोटायचा, त्यात मीठ, मोरचूद आणि पारा. मीठ-मोरचूद चांदीला गंधकापासून सोडवतात, कढईचं लोखंडही मदत करतं, आणि मोकळी चांदी पारा उचलतो. आठवड्यांचं काम काही तासांवर आलं. (शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकून तांबं चढताना दाखवायलाच हवं, नुसती समीकरणं पाठ करून मुलांच्या हाती काय लागतं?) मग जादा पारा कापडातून पिळायचा, उरलेला गोळा बंद भांड्यात तापवायचा, वाफ झालेला पारा थंड करून परत वापरायचा, आणि चांदी मुशीत वितळवून लगडी पाडायच्या.

पण सगळा पारा परत मिळत नव्हता. बराच गाळाबरोबर कार्सन नदीत गेला, इतका की 1990 मध्ये अमेरिकी सरकारने तो भाग सर्वात प्रदूषित जागांच्या यादीत घातला, आणि नदीतल्या माशांमध्ये तो पारा आजही सापडतो.