फुकट ऐकता येते, तरीही पैसे पाठवणारे श्रोते

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्यापैकी जे साठी ओलांडलेले आहेत त्यांना रेडिओचे लायसन्स नक्कीच आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरायचे आणि त्या लहानशा पुस्तिकेत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. आमच्या घरी ही पुस्तिका रेशनकार्डासोबत एकाच पिशवीत जपून ठेवलेली असे. ते शुल्क सक्तीचे होते. आज मात्र मी ज्या केंद्राविषयी बोलणार आहे तिथे कसलीही सक्ती नाही, रेडिओ लावला की कार्यक्रम फुकट ऐकू येतात, आणि तरीही हजारो श्रोते वर्षानुवर्षे आपणहून पैसे पाठवतात.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरातल्या विद्यापीठाचे हे केंद्र. नाव डब्ल्यूएचए. त्याचा जन्म भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी ‘नाइन एक्सएम’ या प्रायोगिक परवान्यावर प्रक्षेपणाचे प्रयोग करत असत. हव्या त्या निर्वात नळ्या बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून टेरी काच फुंकून त्या स्वतः घडवत. आणि कष्टाने घडवलेली नळी ऐन प्रयोगात जळून गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पहिल्या महायुद्धात खासगी केंद्रे बंद करण्यात आली, तेव्हाही नौदलाच्या कामासाठी या केंद्राला चालू राहण्याची खास परवानगी मिळाली. जानेवारी १९२१ पासून हवामानाचा अंदाज आवाजी स्वरूपात नियमित प्रसारित होऊ लागला आणि १३ जानेवारी १९२२ रोजी केंद्राला आजचे नाव मिळाले. विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचला पाहिजे, असा आग्रह विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइझ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच धरला होता. रानातल्या शेतकऱ्याला हवामान आणि बाजारभाव घरबसल्या कळू लागले, तेव्हा त्या आग्रहाला खऱ्या अर्थाने वाट मिळाली.

मला स्वतःला या केंद्राच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे काम वाटते ते १९३१ मध्ये सुरू झालेल्या आकाशशाळेचे, म्हणजे रेडिओवरून शाळांतल्या मुलांना शिकवण्याचे. खेड्यापाड्यांतल्या एकखोली शाळांमध्ये संगीताचा शिक्षक नेमणे कोणालाच परवडत नव्हते. प्राध्यापक एडगर गॉर्डन यांनी ही उणीव रेडिओवरून भरून काढली. वर्गात टेबलावर रेडिओ ठेवलेला असे, भोवती मुले उभी राहत, आणि मॅडिसनहून येणाऱ्या आवाजाबरोबर ती गाणी शिकत. पुढे वर्षातून एकदा वेगवेगळ्या गावांतली ही मुले मॅडिसनला जमत आणि गॉर्डन यांच्या समोर एकत्र गात. एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो मुले एका सुरात गात होती, कारण त्यांनी ती गाणी एकाच आवाजाकडून शिकली होती. हे चित्र डोळ्यांसमोर आणले की रेडिओ म्हणजे काय, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

आता पैशांविषयी. डब्ल्यूएचए ज्याचा भाग आहे त्या विस्कॉन्सिनच्या सार्वजनिक रेडिओचा खर्च विद्यापीठ, राज्य शासन, प्रायोजक आणि श्रोते मिळून उचलतात. प्रायोजकाचे नाव निवेदकाला घेता येते, पण त्याच्या मालाची किंमत सांगणे, तो इतरांपेक्षा सरस असल्याचे म्हणणे किंवा ‘आजच खरेदी करा’ असे आवाहन करणे नियमाने वर्ज्य आहे. त्यामुळे श्रोत्यांच्या वर्गणीला फार महत्त्व येते. वर्षातून काही दिवस नेहमीचे कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक उघडपणे मदत मागतात, स्वयंसेवक फोन घेतात, आणि वर्गणीदाराला आभार म्हणून एखादा कप किंवा कापडी पिशवी पाठवली जाते. अनेकजण दरमहा ठरावीक रक्कम देतात. सारखे मागणे ऐकून कंटाळा येतो, अशी तक्रार काही श्रोते करतात, आणि ती समजण्यासारखी आहे. पण कार्यक्रमाला काय खर्च येतो हे ऐकणाऱ्यालाच सांगणे मला अत्यंत प्रामाणिक वाटते. जाहिरातदाराच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राला किती लोक ऐकतात, याची चिंता आधी करावी लागते. वर्गणीवर चालणाऱ्या केंद्राला मात्र तासभर एखाद्या मृदाशास्त्रज्ञाशी बोलत बसणे परवडते, कारण ते संभाषण ज्यांना हवे आहे, त्यांतलेच काहीजण त्याचा खर्च देत असतात.

१९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने अशा केंद्रांना केंद्र सरकारच्या निधीचाही आधार मिळाला होता. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि तो निधी वाटणाऱ्या महामंडळाने लगेचच आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतली केंद्रे कशीबशी तग धरतील; परंतु विरळ वस्तीच्या भागात, जिथे वर्गणीदारच थोडे, तिथल्या लहान केंद्रांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात याच निधीवर अवलंबून होते. मॅडिसनच्या केंद्रालाही हा खड्डा आता मुख्यतः श्रोत्यांच्या बळावरच बुजवावा लागणार आहे. ज्या राज्यातल्या मुलांनी रेडिओसमोर उभे राहून गाणे शिकले, तिथले लोक या हाकेला ओ देतील, असा माझा मनापासून विश्वास आहे.

नमस्कार.