फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, नमस्कार. बिघडलेला कॉम्प्युटर दुकानात नेला, की काउंटरवरचा मुलगा झाकणही न उघडता सांगतो, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवायचं. मी नाशिकरोडला बरीच वर्षं हेच काम केलं. हे वाक्य माझ्याही तोंडून कितीतरी वेळा निघालं आहे. त्यात सोय आमची असते, डोकं चालवावं लागत नाही. तुमच्या टॅलीची, प्रिंटरची, बारशाच्या फोटोंची काळजी आम्हाला नसते असं नाही. ती तुमच्याइतकी नसते, एवढंच.

आज एकाच दुखण्याबद्दल बोलतो: विंडोजच्या स्वतःच्या फाइली खराब होणं. स्टार्ट दाबलं तरी मेनू उघडत नाही, अपडेट अर्ध्यावरून मागे फिरतं, निळा पडदा येतो, अमुक डीएलएल (प्रोग्रॅमांना चालायला लागणारी फाइल) सापडत नाही अशी पाटी येते. (ती डीएलएल कुठल्या तरी साइटवरून उतरवून घेऊ नका. तिच्यासोबत घरात आणखी काय शिरेल याचा नेम नाही.)

हे होतं कशानं? मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, वीज जाते, आणि नेमकं तेव्हा अपडेट चालू असतं. विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची एनटीएफएस ही पद्धत रोजकीर्द ठेवते खरी, पण ती कुठली फाइल कुठे आहे याची. फाइलीच्या आत काय आहे, याची नाही. म्हणून नाव जागेवर दिसतं आणि मजकूर अर्धवट असतो.

पण लगेच दुरुस्तीला हात घालायचा नाही. गोदावरी वाढू लागली की आपण नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कुठवर चढलं ते पाहून सराफ बाजार, भांडी बाजारातला माल हलतो. डिस्कचंही तसंच. साधी फाइल उघडायला मिनिट लागतंय, आतून टकटक ऐकू येते, म्हणजे पाणी चढू लागलं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' दिसलं, तर आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे हलवा. डिस्क तपासणाऱ्या विंडोजच्या चेकडिस्क आदेशाला आर हा पर्याय दिला, तर तो खराब जागा शोधत अख्खी डिस्क वाचतो. टेकीला आलेल्या डिस्कला तेवढा ताणही पुरतो.

आता गंमतीचा भाग. विंडोज स्वतःच्या फाइलींचा अस्सल साठा घरातच ठेवते, विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरात. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, तेव्हा मूळ ठसा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. हा फोल्डर अवाढव्य दिसतो म्हणून जागा मोकळी करायला तो उडवणारे महाभाग मी पाहिले आहेत. खरं तर त्यातल्या पुष्कळ फाइली आणि विंडोजच्या इतर फोल्डरांतल्या फाइली एकच असतात, नावं तेवढी दोन. एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. पण याचीच दुसरी बाजू अशी, की वापरातली फाइल बिघडली तर कधी कधी ठसाही तिच्याबरोबर बिघडतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. दोन्ही आदेश फळ्यावर लिहिले आहेत, उतरवून घ्या. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आदेश टाइप करायची काळी खिडकी, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडायचा. पहिला आदेश डिझमचा, ज्याच्या शेवटी रिस्टोअरहेल्थ आहे. तो ठसा तपासतो आणि खराब निघाला तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट सर्व्हरवरून चांगला मागवतो, म्हणून इंटरनेट चालू हवं. आकडा कधी कधी ६२.३ टक्क्यांवर ठाण मांडून बसतो. खिडकी बंद करू नका. चहा ठेवा.

तो संपला की दुसरा आदेश, एसएफसी स्कॅननाऊ. हा ठशावरून वापरातल्या फाइली ताडून पाहतो. बहुतेक जण हाच आदेश आधी देतात, आणि ठसाच खराब असला तर "काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत" अशी ओळ येते. मग लोक म्हणतात, विंडोज गेलं! क्रम चुकला होता, बाकी काही नाही. तुमच्या वर्डच्या किंवा टॅलीच्या फाइलींना मात्र हा आदेश हात लावत नाही, त्या त्याच्या अखत्यारीतच नाहीत.

एवढं करूनही जमलं नाही, तर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी या वाटेने गेलं की अपडेटमार्फत विंडोज पुन्हा बसवण्याची सोय आहे. त्यात तुमचे प्रोग्रॅम आणि फाइली जागेवर राहतात. विंडोज १० वाल्यांनी आयएसओ फाइल (विंडोज बसवायची अख्खी डिस्क एका फाइलीत) उघडून आतला सेटअप चालवावा आणि सगळं राखण्याचा पर्याय निवडावा. अर्थात विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असू द्या.

आता माझी फजिती. आमच्या वहिनींचा कॉम्प्युटर. शिकवण्यांचे सगळे पेपर त्यावर. फाइली बिघडल्या, मी दोन्ही आदेश चालवले, "दुरुस्त केल्या" अशी ओळ आली, मी पोहे खाऊन घरी. महिनाभराने पुन्हा तेच. त्यानंतर आणखी एकदा. डिस्क ठणठणीत, वीजही गेलेली नाही. चौथ्या वेळी रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी, तपासणारं विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, आणि रॅमची एक पट्टी सदोष निघाली. डिस्कवर जाणारा मजकूर रॅममधूनच जातो ना! मी फाइली नीट करत होतो, आणि रॅम त्या पुन्हा नासवत होती. पट्टी बदलली, दुखणं थांबलं.

वहिनींनी पोह्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, "भावजी, मग आधीच्या तीन वेळा तुम्ही नक्की काय केलंत?"